काळं फडकं

भिमाजीच्या खिशात एक वेळ तंबाखूची डबी नसेल, पण काळं फडकं नाही असं कधी झालं नाही. जुन्या छत्रीच्या कापडाचा वीतभर तुकडा. ऑक्टोबरची छाटणी आटोपून द्राक्षबागा फुटल्या की दिंडोरीच्या पंचक्रोशीतले लोक त्याला मोटारसायकलवर मागं बसवून न्यायचे. हा गडी वेलीखाली वाकायचा, एखादं पान निवडायचा, त्यावरून फडकं अलगद फिरवायचा आणि उन्हात धरायचा. काळ्यावर पिठासारखी पूड उठली की भुरी, वेलीचा पांढरा रोग. नाही उठली तर नुसता मागच्या फवाऱ्याचा डाग. "भुरी हाय. गंधक मारा," एवढं बोलून चहाची वाट बघत बांधावर बसायचा. कृषी खात्याचे साहेब भिंग लावून तासाभरानं तेच सांगायचे. त्यामुळं भिमाजीला मान होता, आणि मानाबरोबर थोडा माजही होता. खोटं कशाला बोला.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या पावसाळ्यातली. भिमाजीची बायको केव्हाच गेलेली, मागं एकच लेक, सुवर्णा. जावई दिनेश सिन्नरच्या एका कारखान्यात पाळ्या करायचा. सुवर्णाचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणं माहेरी ठेवलं आणि तिथंच घात झाला. कळा अडल्या, जीप काढली, नाशिकच्या वाटेला लागले आणि अक्राळे फाट्यापाशी जीपमध्येच बाळ जन्मलं. रडलं नाही. भिमाजी पुढच्या सीटवर होता. मागं वळून बघायची त्याची छातीच झाली नाही. दवाखाना येईपर्यंत तो समोरच्या काचेकडं बघत राहिला. दुसऱ्या खेपेला सातव्या महिन्यातच सगळं संपलं. तिसऱ्यांदा लेकीला दिवस गेले तेव्हा त्यानं मनाशी ठरवून टाकलं, या खेपेला तो रस्ता मधे नको म्हणजे नको.

म्हणून त्यानं जेठातच नाशिकच्या वेशीवर, म्हसरूळला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. दवाखाना तिथून चालत पाच मिनिटांवर. घर भागुबाईचं. तिचा मागं झेंडू-शेवंतीचा मळा, पहाटे फुलांच्या पाट्या बाजारात जायच्या. ती वरच्या मजल्यावर राहायची, खालच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायची. आतल्या खोलीच्या भिंतींना नुकताच चुना दिलेला होता, वास अजून गेला नव्हता.

"रंग ताजा दिसतोय," भिमाजी म्हणाला.

"दर साल देतो आमी," भागुबाई म्हणाली आणि किल्ली हातात ठेवून चटकन जिना चढून गेली. तिच्या त्या घाईचं काही वाटावं असं तेव्हा भिमाजीला वाटलं नाही.

आषाढात सुवर्णाला मुलगी झाली. दवाखान्यात असा काही टाहो फोडला पोरीनं की नर्सबाईसुद्धा हसल्या. बाहेर व्हरांड्यात भिमाजीनं डोक्यावरची पांढरी टोपी काढली, तिच्यात तोंड खुपसलं आणि पोटभर रडून घेतलं. मग तीच टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि पेढे आणायला गेला.

बाळंतिणीचं करायला त्याची थोरली बहीण तानुबाई आली होती. तानुबाई आली म्हणजे तिचा कायदा आला, तिथं भिमाजीचंही काही चालायचं नाही. आतली खोली बाळंतिणीची ठरली. तानुबाईनं खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या, वरून गोधडी ठोकली. बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा आणि बाळंतशेपांची धुरी. कोपऱ्यातल्या मोरीत दोन वेळा कढत पाण्याची न्हाणी, म्हणजे खोली वाफेनं भरून जायची. बाहेर पावसात काही वाळेना, म्हणून लंगोट आणि दुपटी आतच दोरीवर टांगलेली. "वारं लागलं तर जन्माचं दुखणं बसंल," ती म्हणायची. सव्वा महिना दार उगाच उघडायचं नाही. सुवर्णाची बाज मागच्या भिंतीला लावलेली, आणि त्या भिंतीला पाठ टेकून ती लेकीला पाजायची. खोलीच एवढीशी, की बाज दुसरीकडं बसतही नव्हती.

बाराव्या दिवशी बारसं झालं, पोरीचं नाव मोहिनी ठेवलं, आणि तेराव्या दिवशी सकाळी तानुबाईला भिंतीवर डाग दिसला. बाजेच्या उजव्या अंगाला, खाली बसलेल्या माणसाचं डोकं येईल तेवढ्या उंचीवर, ताटलीएवढा गोल. करडा, वरून पांढुरका.

"भिमा, हे बघ रे काय आलंय."

भिमाजी आत आला. डागाकडं एकदा बघितलं, खिशातून फडकं काढलं, पानावरून फिरवायचा तसंच भिंतीवरून फिरवलं आणि दाराच्या उजेडात धरलं. काळ्यावर पांढरी पूड. त्याला हसूच फुटलं.

"आक्का, भिंतीला भुरी आली!"

"मग आता भिंतीची छाटणी करा, अण्णा," बाजेवरून सुवर्णा म्हणाली. तीन महिन्यांत ती पहिल्यांदाच मोकळी हसली होती.

"छाटणी कशाला? भुरी वरवरची असती. आत शिरत नाय. गंधक मारला का गेली."

त्यानं गावाकडच्या टमाट्याच्या जीपवाल्याजवळ निरोप धाडला, दुसऱ्या दिवशी गंधकाची पिशवी आली. मायलेकींना दुपारभर बाहेरच्या खोलीत बसवून त्यानं भिंतीवर गंधक धुरळला, तासाभरानं कुंच्यानं झाडला, ओल्या कपड्यानं पुसून घेतलं. डाग गेला. भिमाजी अंगणात मिशीवर हात फिरवत उभा राहिला आणि वर सज्जात उभ्या असलेल्या भागुबाईला त्यानं मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "तुमच्या भिंतीचा रोग काढला बरं का!"

भागुबाईच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

पाच दिवस भिंत कोरी राहिली. सहाव्या दिवशी डाग परत आला, त्याच जागी. आता गोलाच्या खाली मान आली होती, मानेखाली उतरते खांदे. भिमाजीनं परत फडकं फिरवलं, परत पूड उठली, परत गंधक मारला. चार दिवस गेले. तिसऱ्यांदा डाग आला तेव्हा पुरी पाठ आली, पाठीखाली दुमडलेले गुडघे. भिंतीला टेकून कोणी तासन् तास बसावं आणि उठून गेल्यावर सावली मात्र तिथंच विसरावी, तसं ते दिसत होतं. खोलीत एक वास भरून राहिला होता, धान्याच्या पेवाच्या तळाला येतो तसा, ओलसर आणि किंचित गोड. धुरी कितीही घातली तरी धुरीच्या खालून तो येतच राहायचा.

"बाई हाय ती," तानुबाई म्हणाली.

"आक्का, भुरी हाय ती."

"भुरीला गुडघं असत्यात व्हय? आन् बांगड्या? कान लावून बघ जरा."

भिमाजीनं तिची खोड मोडायची म्हणून भिंतीला कान लावला. आत खरंच काही वाजत होतं. थांबून थांबून, बारीक, काचेवर काच लागावी तसं. त्यानं कान काढला आणि "उंदीर असतील" म्हणाला. पण त्याच्या हातावर काटा उभा राहिला होता, आणि तो सुवर्णानं बघितला.

त्याहून वाईट म्हणजे पोर तिकडं बघायची. तीन आठवड्यांचं लेकरू ते, त्याला काय दिसतं आणि काय नाही कोण सांगणार! पण अंगाखांद्यावर कोणी घेतलं, कुठंही निजवलं तरी मोहिनीचे डोळे फिरून त्या डागावर जायचे आणि तिथंच खिळायचे. एकदा ती तिकडं बघून हसली. तानुबाईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून शेगडीत टाकल्या, आणि डाग झाकायला सप्तशृंगीच्या देवीची तसबीर टांगली. दोन दिवसांनी तसबीर उतरवून बघितली तर मागच्या पुठ्ठ्याला मखमलीसारखी लव आली होती. तानुबाईनं घाबरून खिडकीवर आणखी एक गोधडी ठोकली.

भिमाजी जिना चढून वर गेला. भागुबाई शेवंतीचे हार ओवत बसली होती.

"त्या भिंतीला काय हाय, खरं सांगा."

भागुबाईचे हात थांबले. "आमच्या सासूबाई व्हत्या. नवसाबाई. चार वर्सं त्या तिथंच बसल्या, भिंतीला टेकून. दमा लागायचा, आडवं व्हता येत नव्हतं. बसल्या बसल्याच गेल्या." तिनं सुईतला दोरा उगाच ओढला. "तीनदा चुना दिला मी. दर पावसाळ्यात परत येऊन बसत्यात."

"आन् हे आधी सांगायला काय झालं व्हतं?"

"सांगितलं असतं तर घेतली असती खोली?"

भिमाजी खाली आला तोवर तानुबाईनं गाठोडं बांधायला घेतलं होतं. तिचे कान जिन्यावरच होते. "उठा," ती म्हणाली, "घरी दिंडोरीला चला. मेलेल्या बाईच्या मांडीला मांडी लावून माझी बाळंतीण नाय बसायची."

"कुठं न्यायची? परत त्या रस्त्यानं?" भिमाजी ओरडलाच. "काय झालं म्हणजे? तिथनं दवाखाना गाठायला तास लागतो, तास! मेलेली बाई काय करणार हाय? भुरी हाय ती, आन् भुरीनं माणसाला काय व्हत नाय. माझं आयुष्य गेलं भुरीत."

ते तो तानुबाईला सांगत होता की स्वतःला, हे त्याचं त्यालाच माहीत. भुताला भिमाजी भीत नव्हता. तो भीत होता अक्राळे फाट्याला. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो खरा, पण फुंकता फुंकता ताकात काय पडलंय ते बघायचं राहून जातं. बाहेरच्या खोलीत तरी हलवू, असं सुवर्णा म्हणाली, तर तिथं थेट रस्त्यावर दार, पावसाची झड आत, म्हणून तानुबाईच नको म्हणाली. गाठोडं सुटलं. मायलेकी त्याच भिंतीला राहिल्या.

चौथ्या आठवड्यात मोहिनीच्या छातीत शिट्टी वाजू लागली. आधी पाजताना, मग झोपेत, मग सारखी. दूध ओढता ओढता ती मधेच सोडून द्यायची आणि तोंड उघडं टाकून श्वास घ्यायची. भिमाजीनं तिला छातीशी धरून, छत्रीखाली, दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, शांत होते. त्यांनी पोरीच्या पाठीवर बराच वेळ नळी फिरवली.

"घरात ओल आहे का? भिंतीला बुरशी वगैरे?"

इथं भिमाजीनं जे उत्तर दिलं ते त्याला पुढं जन्मभर आठवणार होतं.

"बुरशी नाय, साहेब. भुरी हाय. मी स्वतः बघितली, फडक्यावर. बागाईतदार हाय मी."

डॉक्टरांनी एकदा त्याच्याकडं बघितलं. समोर एवढा जाणता माणूस छातीठोक सांगतोय म्हटल्यावर ते तरी काय म्हणणार? त्यांनी वाफ द्यायला सांगितली, औषध लिहून दिलं आणि दोन दिवसांनी परत दाखवा म्हणाले. तानुबाईनं वाफ दिली, त्याच खोलीत, दार लावून.

दुसऱ्या दिवशी दुपारी केर काढायला म्हणून बाज पुढं ओढली. सुवर्णा पोरीला घेऊन बाहेरच्या खोलीत टेकली होती. तानुबाईनं खराट्याचा हात मारला आणि खराटा तिच्या हातातून गळून पडला.

"भिमा!"

तो धावत आत गेला. बाज जिथं टेकलेली असायची तिथं, नवसाबाईच्या डाव्या अंगाला, दुसरी एक बसली होती. ही ठेंगणी होती. मान खाली वाकलेली, उजवीकडं कललेली. खांदे पुढं आलेले. आणि मांडीवर, दोन्ही हातांच्या मधे, नारळाएवढा एक गोल.

ती मान भिमाजीनं अठ्ठावीस वर्षं बघितली होती. पाटीवर अक्षर काढताना, भाकरी थापताना, आता लेकीला पाजताना, सुवर्णाची मान अशीच उजवीकडं कलायची. त्याला ओळखायला वेळ लागला नाही. दारापलीकडं सुवर्णा बसलेली होती, तिच्या बांगड्या वाजत होत्या, आणि इथं भिंतीत ती आणि तिची लेक दोघी जाऊन बसल्या होत्या.

सवयीनं त्याचा हात खिशात गेला. फडकं काढलं, मांडीवरच्या गोलावरून फिरवलं, दारात जाऊन उजेडात धरलं. काही उठलं नाही. पूड नाही, पीठ नाही, काही नाही. काळं ते काळंच.

पंचवीस वर्षांच्या त्याच्या कायद्यानं याचा अर्थ एकच होता, रोग नाही. आणि डोळ्यासमोर तर भिंत काळीठिक्कर दिसत होती. भिमाजी एकदा फडक्याकडं बघे, एकदा भिंतीकडं. मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं. काळ्या फडक्यावर काळं दिसणार कसं? फडक्यानं त्याला पहिल्या दिवसापासून फक्त वरचं पांढरं दाखवलं होतं. पांढऱ्याच्या खाली काय होतं, ते त्या फडक्यानं कधी सांगितलंच नाही, आणि त्यानं कधी विचारलं नाही. वेलीवर त्याला पांढराच रोग शोधायचा असायचा. घराचा रोग काळाही असतो, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवायला आलेल्या डॉक्टरला त्यानं उडवून लावलं होतं.

त्यानं डोक्यावरची टोपी काढली. तीच, जिच्यात तोंड घालून तो रडला होता. ती भिंतीला लावून एकदाच ओढली.

टोपीवर वीतभर काळा पट्टा उठला. तेलकट, चिकट, बोटाला लागला की निघेना. आणि पुसता पुसता भिंतीचा पापुद्रा सुटून टोपीबरोबर आला. त्यानं तिथं अंगठा दाबला. भिजलेल्या पिठात जावा तसा अंगठा नखापर्यंत आत गेला. भुरी पुसली की खाली पान हिरवं निघतं. इथं खालीही काळंच होतं, आणि त्याच्या खालीही.

"ही वरची नाय, आक्का," तो म्हणाला. "ही आत शिरलीय."

मग त्यानं कोणाचं ऐकून घेतलं नाही. सुवर्णाला घोंगडीत गुंडाळलं, मोहिनीला सदऱ्याच्या आत छातीशी धरलं आणि भर पावसात निघाला. वाऱ्याचं नाव काढायला तानुबाईलाही सुचलं नाही. ती अनवाणीच मागून चालत होती.

दवाखान्यात बाहेर आठ-दहा माणसं बसली होती. सगळ्यांच्या देखत भिमाजीनं ती काळी टोपी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

"साहेब, त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं. बुरशीच हाय. माझ्या मोठेपणाच्या नादात पोरीला पंधरा दिवस त्याच्यात ठेवली. वरून बंद खोलीत गंधक बी उडवला. जे असंल ते मला बोला, पण हिला बघा."

डॉक्टर लगेच उठले. त्यांनी पोरीला घेतलं आणि आत नेलं. बऱ्याच वेळानं बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "त्या खोलीत परत पाऊल टाकायचं नाही. आणखी एक आठवडा गेला असता, तर," आणि वाक्य तिथंच सोडून ते हात धुवायला गेले. त्या अर्ध्या वाक्याएवढं कोणी भिमाजीला आयुष्यात बोललं नव्हतं.

मोहिनी अकरा दिवस दवाखान्यात होती. बाराव्या दिवशी सगळे दिंडोरीला निघाले. जीपवाल्यानं पुढचं दार उघडून धरलं, पण भिमाजी मागं जाऊन बसला आणि पोरीला मांडीवर घेतलं. अक्राळे फाटा आला. त्यानं खाली बघितलं. दुपट्याखाली छाती वर होत होती, खाली होत होती. फाटा मागं पडला तरी तो बघतच राहिला.

दसऱ्यानंतर भागुबाईचा निरोप आला, भिंत पाडायला घेतलीय, एकदा येऊन बघून जा. भिमाजी गेला. भिकन गवंडी कामाला होता. प्लास्टर पाव भिजावा तसं सुटून येत होतं. भिंतीच्या पोटातून वरच्या न्हाणीचा पाइप गेला होता, आणि त्याच्या सांध्यातून थेंब थेंब पाणी फुटक्या कौलावर पडत होतं. टिण. थांबून परत टिण. तानुबाईला ऐकू आलेल्या बांगड्या त्या.

"आठ वर्सं झाली न्हाणी बांधून," भागुबाई म्हणाली. "सासूबाईंना थंडी वाजती म्हणून खिडकी मीच बंद केली. टेकायला बरं म्हणून तिथं मीच बसवलं. त्या खोकत राहिल्या आन् मी वय झालं म्हणत राहिले. मेल्यावर भूत म्हणून चुना फासत राहिले." ती पदरात तोंड घालून हमसून हमसून रडायला लागली. भिमाजीला तिला दोष देता येईना. खिडकी त्याच्याही घरच्यांनी मायेपोटीच बंद केली होती.

"दादा, हे जरा बघा," भिकन म्हणाला.

प्लास्टर निघाल्यावर आतल्या विटा दिसत होत्या. विटांवर नवसाबाई होती, बाहेर दिसायची त्याहून दीडपट मोठी. तिच्या डाव्या अंगाला वाकल्या मानेची ती दुसरी होती, मांडीवर गोल घेऊन. विटांच्या पार आत मुरलेली.

"माझी लेक इथं एक महिना टेकली," भिमाजी म्हणाला. "चुन्यावर उमटली असंल तर समजतं. इतक्या आत कशी गेली?"

भिकननं थापी विटेवर घासून बघितली. "बाहेरनं आत नाय गेलेलं, दादा. विटंकडनं चुन्याकडं आलंय ते. लय आधीपासून असंल. तुमची लेक यायच्या बी आधीपासून."

पाइप टिण वाजला. भिमाजीनं भिकनच्या हातातला हातोडा घेतला. आधी त्या मांडीवरच्या गोलाची वीट फोडली, मग वाकल्या मानेची. चुरा चुरा होईस्तोवर फोडली, आणि तो चुरा स्वतः पाटीत भरून रस्त्यापलीकडं टाकून आला. नवसाबाईच्या विटांचं भागुबाईनं बघितलं.

या गोष्टीला आता नऊ वर्षं होत आली. भिमाजी अजून बागा बघायला जातो, पण आता एका खिशात काळं फडकं असतं आणि दुसऱ्यात पांढरं. बाग बघून झाली की तो मालकाला विचारतो, घरात लहान लेकरू आहे का, आणि कुठल्या भिंतीला निजतं. लोक हसतात. हसू देत.

दिनेश अजून सिन्नरलाच आहे, पण मोहिनी आणि सुवर्णा पावसाळाभर दिंडोरीत असतात, उघड्या ओसरीच्या घरात. पोरगी चुणचुणीत आहे, चौथीत गेली. श्रावणात मात्र तिच्या छातीत ती बारीक शिट्टी येते. "अण्णा, आत कोण वाजतंय?" असं ती लहानपणी विचारायची. आता विचारत नाही. त्याला उत्तर येत नाही हे तिला कळलंय.

पाटी-पुस्तकं घेऊन ती ओसरीत भिंतीला पाठ टेकायला जाते, आणि तिची मान आईसारखीच उजवीकडं कलते. "थांब," भिमाजी म्हणतो. ती थांबते, तिला सवय आहे. तो डोक्यावरची टोपी काढतो, तिच्या पाठीमागची भिंत पुसतो आणि उजेडात धरून बघतो. टोपी पांढरीच निघते. मग तो तिला टेकू देतो, आणि दुसऱ्या दिवशी परत पुसतो.